…आणि साथी

जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध एक वाटोळा कागद चिकटवलेला असे. त्यावर चित्रपटाचे नाव, गाण्याचे पहिले शब्द, गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे छापलेली असत. कधी कधी गायकाच्या नावाला जोडून आणखी दोन शब्द येत : ‘आणि साथी’. आकाशवाणीचे निवेदकही त्याच चालीवर ‘अमुक आणि साथी’ असे सांगून मोकळे होत. हे साथी किती होते, कोण होते, कोणत्या गावचे होते, हे तो कागदही सांगत नसे आणि निवेदकही सांगत नसे. पन्नास वर्षे चर्चच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभे राहून खर्जात गाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या दोन शब्दांविषयी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

मी १९७१ साली नगर जिल्ह्यातून पिंपरीला आलो. पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा कारखाने वाढत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच स्थापन झाली होती. तिच्या मागून मोटारींचे, स्कूटरचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागून आम्ही आलो. रविवारच्या मिस्सेला नगर-संगमनेरकडचे, वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि तमिळ मुलखातले लोक एकाच छपराखाली जमत. कोणी मराठी भजनावर वाढलेला, कोणी लॅटिन स्तोत्रांवर, तर कोणी कोकणी मोतेतांवर. या सगळ्यांचा मिळून एक गायनवृंद व्हावा, ही गोष्ट सोपी नव्हती. ती आमच्या मेस्तांनी करून दाखवली.

गोवेकर मंडळी त्यांना ‘मेस्त’ म्हणत. कसबी कारागिराला आणि चर्चमध्ये संगीत शिकवणाऱ्या मास्तरांना तिकडे हा एकच शब्द चालतो, आणि आमचे मेस्त दोन्ही होते. पोटासाठी ते एका कारखान्यात फिटर होते. त्याआधी, ऐन तारुण्यात, ते मुंबईत ट्रंपेट वाजवीत. आधी हॉटेलातील नाचाच्या बँडमध्ये आणि मग चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत, नेहमी दुसऱ्या ट्रंपेटच्या जागेवर. लग्न झाले, मूल झाले, तेव्हा रोजच्या रोज मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या बिदागीपेक्षा महिन्याचा पगार बरा, असे ठरवून ते पिंपरीला आले. ट्रंपेट त्यांनी खाटेखाली ठेवून दिला. नाताळच्या मध्यरात्रीखेरीज तो आम्हांला कधी ऐकायला मिळाला नाही.

चार आवाजांत गाणे म्हणजे काय, हे आम्हां नगरकडच्या पोरांना ठाऊक नव्हते. आमच्याकडे एक जण सांगायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे. मेस्तांनी आम्हांला शिकवण्यासाठी कोणते साधन निवडावे? एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हां चौघांना घरी बोलावले, रेकॉर्ड प्लेअरवर एक तबकडी ठेवली आणि सांगितले, “गाणाऱ्याकडे कान देऊ नकोस, पुता. त्याच्या खाली कोण गातो ते ऐक.” ती तबकडी होती अमेरिकेतील ‘प्लॅटर्स’ नावाच्या संचाची आणि गाणे होते ‘ओन्ली यू’.

त्या काळच्या कॅथलिक घरांतील वडीलधाऱ्यांचे रॉक अँड रोलविषयीचे मत फारसे चांगले नव्हते. हा धांगडधिंगा मुलांना बिघडवील, अशी त्यांची धास्ती होती. पण ज्या संगीताची त्यांना धास्ती वाटत होती, त्याची एक मोठी मुळी चर्चच्याच अंगणातून आलेली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भक्तिगीते चार-पाच आवाजांत, एकमेकांना हाक आणि ओ देत गायली जात. तिथे कान तयार झालेली मुले पुढे रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यांवाचून गाऊ लागली आणि त्यांतून १९५० च्या दशकातील गायक-संच जन्माला आले. ‘ड्रिफ्टर्स’ या प्रसिद्ध संचाचा पहिला प्रमुख गायक क्लाइड मॅकफॅटर हा तर बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा.

या संचांची बांधणी चर्चच्या गायनवृंदासारखीच असे. एक उंच आवाज गाण्याचे शब्द घेऊन पुढे चाले. दोन मधले आवाज त्याला पाठबळ देत. सर्वांत खाली खर्ज असे, घराच्या जोत्यासारखा. प्लॅटर्समध्ये पुढचा आवाज टोनी विल्यम्स यांचा होता. डेव्हिड लिंच, पॉल रॉबी आणि झोला टेलर ही तरुणी मधल्या जागा सांभाळीत. खर्ज होता हर्ब रीड यांचा. संचाचे नावही त्यांनीच सुचवले होते असे ते सांगत. रेडिओवर गाणी लावणारे निवेदक तबकडीला बोलीभाषेत जो शब्द वापरीत, तोच त्यांनी उचलला.

त्यांच्या उदयाची हकीकत मोठी गमतीची आहे. बक रॅम नावाचे गीतकार त्यांचे व्यवस्थापक होते. ‘ओन्ली यू’ त्यांनी आधी एका कंपनीसाठी गायले होते, पण ते त्या कंपनीला बाजारात आणावेसेही वाटले नाही. पुढे मर्क्युरी या मोठ्या कंपनीला रॅम यांच्याच हाताखालचा दुसरा एक संच हवा होता. ‘पेंग्विन्स’ असे त्याचे नाव, आणि त्यांचे एक गाणे तेव्हा अमेरिकेत गाजत होते. ते हवे असतील तर प्लॅटर्सनाही घ्यावे लागेल, अशी अट रॅम यांनी घातली. कंपनीने ती मान्य केली. पेंग्विन्सना तसे यश पुन्हा लाभले नाही. गळ्यात बांधून घेतलेल्या प्लॅटर्सचे ‘ओन्ली यू’ मात्र १९५५ साली नव्याने ध्वनिमुद्रित होऊन घरोघर पोहोचले. १९५६ साली ‘द ग्रेट प्रिटेंडर’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. सिलोन रेडिओ ऐकणाऱ्या आपल्याकडच्या घरांतही त्यांचे सूर आले. कॅथलिक लग्नांत नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला ‘ओन्ली यू’ वाजवण्याची चाल अनेक वर्षे टिकून आहे.

पण कीर्ती आली आणि तिच्याबरोबर प्रश्न आला : हे नाव कोणाचे? १९५६ सालीच संचाच्या नावाने एक कंपनी काढण्यात आली होती. १९६० साली टोनी विल्यम्स बाहेर पडले. मग एकेक जण गेला आणि शेवटी १९६९ साली हर्ब रीडही गेले. नाव मात्र चालूच राहिले. बाहेर पडलेल्यांनी आपापले प्लॅटर्स काढले, व्यवस्थापकांचे प्लॅटर्स वेगळे, आणि ज्यांनी मूळच्या पाचांपैकी कोणालाही पाहिले नसेल असेही प्लॅटर्स गावोगावी गाऊ लागले. या नावावरून न्यायालयांत दशकानुदशके दावे चालले. ड्रिफ्टर्सची गोष्ट तर याहून कडक. त्यांचे नाव व्यवस्थापकाच्या मालकीचे आणि गायक पगारी. १९५८ साली त्या व्यवस्थापकाने सगळा संच काढून टाकला, दुसऱ्याच एका संचाला आणून उभे केले आणि सांगितले, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स. नव्या संचानेही अप्रतिम गाणी दिली, हे विशेष.

अखेर या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील अनेक राज्यांना यासंबंधी कायदे करावे लागले. जुन्या संचाचे नाव लावून गायचे असेल, तर मूळ ध्वनिमुद्रणातील निदान एक तरी माणूस मंचावर असावा किंवा त्या नावावर रीतसर हक्क असावा, असा त्यांचा आशय. हर्ब रीड म्हातारपणीही गात राहिले आणि भांडत राहिले. २०११ साली नेवाडातील न्यायालयाने त्यांचा हक्क इतरांहून वरचढ असल्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी, ४ जून २०१२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते वारले. मूळच्या पाचांपैकी ते शेवटचे. संचाच्या सुमारे ४०० ध्वनिमुद्रणांपैकी प्रत्येकात गायलेले तेवढेच एक होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. लोकांच्या ध्यानात विल्यम्स यांचा उंच आवाज राहिला, पण प्रत्येक तबकडीत होता तो खालचा आवाज.

ही हकीकत वाचली तेव्हा मला मेस्तांची आठवण झाली, आणि आपल्याकडच्या ‘साथी’ मंडळींचीही. तिकडे नावासाठी पन्नास वर्षे भांडण झाले, कारण नावाला मोल होते. आपल्याकडे भांडायला नावच नव्हते.

आपल्याकडे रॉक अँड रोल आले ते चित्रपटातून, आणि आणले ते आमच्या नगर जिल्ह्यातील माणसाने. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबे. माझे वडील आमच्या खेड्यातील चर्चमध्ये पेटी वाजवीत आणि पुणतांबे आमच्यापासून फार दूर नाही. त्यामुळे ‘आपल्या पुणतांब्याचे’ असे ते मोठ्या अभिमानाने म्हणत, जणू चितळकर आमच्याच भावकीतले. १९५७ साली ‘आशा’ या चित्रपटात चितळकरांनी ‘ईना मीना डीका’ दिले. किशोरकुमार यांनी ते गायले आणि आशा भोसले यांनी वेगळे गायले. हिंदी चित्रपटातील अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याची गणना होते.

त्या गाण्यातील अर्थ नसलेले शब्द कसे सुचले, याची हकीकत प्रसिद्ध आहे. चितळकरांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. तो ठेका धरून चितळकर आणि त्यांचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी शब्दाला शब्द जोडायला सुरुवात केली. गोम्स गोव्याचे. त्यांनी त्यात कोकणीतले ‘माका नाका’ घातले, म्हणजे ‘मला नको’. अशा रीतीने देशभर मुले ज्या गाण्यावर नाचली, त्याच्या पोटात एका गोवेकराच्या घरातील बोली शिरून बसली. गाणे सर्वांना ठाऊक आहे. जॉन गोम्स हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

गोम्स एकटे नव्हते. हळदोणे गावचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना जग ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखी, ते ट्रंपेटवर इतके तयार होते, की त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. चितळकरांना त्यांनी संगीत रचनेत साहाय्य केले, आणि भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त तर त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ते १९६७ साली वारले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा यांची लेखणी असे. मूळ चालीच्या खालून दुसरी चाल वाहती ठेवण्याची त्यांची हातोटी जाणकार आजही वाखाणतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात गुंफले आणि ते घरोघर झाले. पण ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत होते.

ही मंडळी चित्रपटात इतक्या संख्येने का आली, याचे कारणही चर्चशीच जाऊन भिडते. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत, ते मिस्सेत आणि सणासुदीला गाण्या-वाजवण्यासाठी. ती मुले पुढे पोटासाठी मुंबईला आली आणि धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहू लागली. मुंबईत दारूबंदी आल्यावर हॉटेलांतील नाचाच्या रात्री मंदावल्या, पण चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत चालले होते. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती कागदावर उतरवून पन्नास वादकांना एकाच वेळी वाजवता येईल अशी वाटून देणारा आणि ती वाचून वाजवणारा माणूस हवा होता. तो चर्चच्या शाळेने आधीच तयार करून ठेवला होता.

१९६५ च्या ‘गुमनाम’मधील ‘जान पहचान हो’ हे गाणे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्यातील बँड आठवेल. ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’ हा मुंबईचाच एक खरा संच. पुढे हर्मन बेंजामिन आणि लक्ष्मी छाया नाचतात, नर्तकांच्या डोळ्यांवर मुखवटे आहेत आणि आवाज महंमद रफी यांचा आहे. २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाची सुरुवातच या गाण्याने झाली आणि जगभरचे तरुण विचारू लागले, हे कोण? छत्तीस वर्षांनंतर का होईना, कोणीतरी विचारले.

आमच्या मेस्तांना तसे कोणी विचारले नाही. कँटीनमध्ये दुपारी विविध भारती लावलेली असे. दोन कडव्यांमधल्या संगीतात एखाद्या ठिकाणी ट्रंपेटची फेक आली, की कधी कधी त्यांचा घास हातातच थांबे. आम्ही विचारावे, “मेस्त, हे तुम्ही वाजवलंय?” ते म्हणत, “आमी सगळ्यांनी वाजयलां.” याहून अधिक त्यांच्याकडून काढता आले नाही. ध्वनिमुद्रण संपले की पाकीट घ्यायचे आणि दुसऱ्या स्टुडिओत जायचे, अशा धावपळीत गाणे कोणत्या चित्रपटाचे हेही वादकाला अनेकदा ठाऊक नसे. पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत सिंथेसायझर आले, एक माणूस खोलीत बसून पन्नासांचे काम करू लागला, आणि मोठे वाद्यवृंद विखुरले. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अनेक वादकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझ वादकांचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये आणला. त्या पुस्तकांत अनेकांची नावे राहिली. मेस्त त्याआधीच गेले होते. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी प्रवचनात त्यांच्या संगीतसेवेचा गौरव केला; पण त्यांनी कोणकोणत्या गाण्यांत वाजवले, हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या भरलेल्या चर्चमध्ये नव्हता. त्यांच्या पत्नीलाही ते सांगता आले नाही. ते मला फार लागले.

कोणी म्हणेल, यात वाईट वाटण्यासारखे काय? कारखान्यात तरी दुसरे काय होते? आमच्या हातांखालून निघालेल्या हजारो गाड्या देशभर धावल्या. त्यांवर कंपनीचे नाव होते, ज्याने बोल्ट आवळला त्याचे नव्हते. कंपनीचे नाव राहते आणि माणसे बदलतात, जशी ड्रिफ्टर्समध्ये बदलली. हे मला मान्य आहे. शिवाय देवाच्या स्तुतीसाठी गाणाऱ्याने नावाची हाव धरू नये, हेही मेस्तांनीच आम्हांला शिकवले. गायनवृंदात एखाद्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला, की ते हाताने खाली दाबल्यासारखी खूण करीत.

तरीही एक भेद मला दिसतो. नाव मिरवणे वेगळे आणि नाव विसरले जाणे वेगळे. मिरवू नये हे ज्याने त्याने स्वतःपुरते ठरवायचे असते. विसरू नये ही जबाबदारी मात्र इतरांची असते, ज्यांनी ते गाणे ऐकले आणि ज्यांचे दुःख त्याने हलके झाले त्यांची. चर्चच्या दप्तरात आपला बाप्तिस्मा लिहिला जातो, लग्न लिहिले जाते, मृत्यू लिहिला जातो. एखाद्या स्त्रीने तीस वर्षे दर रविवारी सकाळी चुलीवरचे आधण उतरवून, मुलांना आवरून, पहिल्या मिस्सेला येऊन दुसरा आवाज सांभाळला, हे मात्र कोठेच लिहिले जात नाही. धर्मग्रामाच्या ज्युबिलीची स्मरणिका निघते, तेव्हा तिच्यात देणगीदारांची यादी असते, समित्यांची यादी असते आणि एका छायाचित्राखाली एक शब्द असतो : ‘गायनवृंद’. तो ‘आणि साथी’चाच धाकटा भाऊ.

आज आमच्या गायनवृंदातील निम्मी मुले चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी, कोणी कंत्राटावर. आज इथे आणि पुढच्या वर्षी कोठे, हे त्यांनाही माहीत नसते. सराव सर्वांना मिळून एका दिवशी साधत नाही. म्हणून प्रत्येक आवाज मोबाइलवर मुद्रित करून एकमेकांना पाठवतात आणि बसमधून जाताना कानाला लावून पाठ करतात. नाताळच्या रात्री मात्र चारही आवाज जुळून येतात. खर्जात आता एक तमिळ मुलगा उभा राहतो, माझ्याहून चांगला. मेस्तांनी बसवलेले एक स्तोत्र ही मुले आजही गातात, त्यांनी लावून दिलेल्या त्याच खालच्या आवाजासह. ते कोणी बसवले, हे मागच्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

मागच्या वर्षी मी एक वही घातली. १९७१ पासून आमच्या गायनवृंदात जे जे उभे राहिले, त्यांची नावे, आवाज आणि वर्षे त्या वहीत लिहितो आहे. आरंभी वाटले, दोन संध्याकाळचे काम. पण काही जण परगावी गेले, काही परदेशी, काही प्रभूकडे. कोणाचे पाळण्यातले नाव आठवते, आडनाव आठवत नाही. एकीचा आवाज लख्ख आठवतो आणि नाव ओठांवर येत नाही. मग जुन्या शेजाऱ्यांकडे जावे, चहा घ्यावा, आणि त्यांनी आतल्या खोलीतून आल्बम आणावा. आतापर्यंत एकशे बारा नावे झाली. पहिल्या पानावर मेस्तांचे नाव आहे आणि त्यापुढे ‘दुसरा ट्रंपेट’ असे लिहिले आहे. ते त्यांना चालले असते.

आपापल्या धर्मग्रामात अशी एक वही सुरू करणे फारसे कठीण नाही. शंभर पानी वही पुरते. जी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांना विचारण्याचे काम मात्र या नाताळच्या आधी करावे. पुढच्या नाताळपर्यंत ती असतीलच, असे कोणी सांगावे?